पबला हरणाचं मांस उधारीवर देण्याआधी हे वाचा

इंग्लंडमध्ये बंदुकीचा रीतसर परवाना काढून हरणांची शिकार करणारी मराठी माणसं फार नाहीत, पण आहेत. आमच्या हॅम्पशरमध्येच माझ्या ओळखीची दोघं-तिघं आहेत. त्यांच्यासाठी, आणि यंदा पहिल्यांदा या वाटेला जाणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण ज्या पबचालकाने आम्हाला बुडवलं तो अजून धंद्यात आहे.

भारतातल्या नातेवाइकांना हे ऐकूनच धक्का बसतो. तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे सरळ तुरुंगाचं काम आहे आणि ते योग्यच आहे. इथली परिस्थिती उलटी आहे. हरणाला खाणारे लांडगे ब्रिटनमधून कधीच संपले. हरणं उभं पीक खातात, नव्याने लावलेल्या झाडांचे शेंडे खुडतात, म्हणून शेतकरी स्वतःच शिकाऱ्याला रानात बोलावतो. हिवाळ्यात माद्यांच्या शिकारीचा मोसम असतो, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. घरचा फ्रीजर भरला की उरलेलं मांस जवळच्या पबला किंवा हॉटेलला विकता येतं. आतडी काढलेलं, पण कातडीसकट असलेलं धड थोड्या प्रमाणात थेट स्थानिक पबला द्यायला कायद्यात सूट आहे. सोलून, कापून द्यायचं असेल तर मात्र कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, खाद्यव्यवसाय म्हणून नोंदणी लागते आणि स्वच्छतेची सगळी लिखापढी सांभाळावी लागते. हा फरक लक्षात ठेवा, कारण त्या माणसाने याच फटीत हात घातला.

तो एका जुन्या पबचा चालक. बोलायला गोड. पहिली दोन धडं नेऊन दिली तेव्हा मागच्या दारात उभ्याउभ्या रोख पैसे मोजले, वर चहा पाजला. पुढच्या खेपेलाही तसंच. मग म्हणाला, "दर वेळी सुटे पैसे कुठून काढू, महिन्याचं एकत्र बिल पाठव." दुकानदारीत हे सगळीकडे चालतं, त्यात वावगं काही नव्हतं. ख्रिसमस जवळ आला तशी मागणी वाढली. रो हव्यात, फॅलो हवी (या दोन्ही हरणांच्या जाती), फेझंट पक्ष्यांच्या जोड्या हव्यात. फळ्यावर खडूने लिहिलेला 'स्थानिक व्हेनिसन'चा, म्हणजे हरणाच्या मांसाचा पदार्थ मी स्वतः पाहिलाय. म्हणजे माल विकला जात होता, लोक खात होते, पैसे गल्ल्यात पडत होते.

जानेवारीत बिल गेलं आणि फोन बंद झाला. बऱ्याच मेसेजनंतर उत्तर आलं ते असं : तुझं एक धड सडकं निघालं, फेकून द्यावं लागलं, त्यामुळे पूर्ण बिल विसर. सोबत फोटो. हिरवट पडलेलं मांस, ओलसर कातडी, बघूनच कसंतरी व्हावं असं. पण त्या धडाला मागे लांब शेपूट होतं, वरून काळं आणि कडेने पांढरं. ते फॅलोचं शेपूट. ज्या आठवड्याची तो तक्रार करत होता त्या आठवड्यात मी त्याला फक्त रो दिल्या होत्या, आणि रो हरणाला दिसण्याजोगं शेपूटच नसतं. शिवाय माझ्या प्रत्येक धडाला क्रमांकाचा टॅग असतो, फोटोत टॅगचा पत्ता नव्हता. चिलरच्या तापमानाची वही माझ्याकडे आहे, मोठ्या जनावराचं धड ७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं आणि ते गेलं नव्हतं. हे सगळं लिहून कळवल्यावर तो सडक्या धडाचं नाव पुन्हा काढेना.

माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या शिकाऱ्याशी तो याहून वाईट वागला. "माझ्या शेफला वेळ नाही, तूच सोलून तुकडे करून दे, किलोमागे जास्त देतो," असं म्हणून महिनाभर त्याच्या मागे लागला. बिचाऱ्याने दिलं. पैसे मागितल्यावर उत्तर काय, तर "तुझी नोंदणी नाही. मी कौन्सिलच्या खाद्य अधिकाऱ्याला कळवू का?" त्या भल्या माणसाने घाबरून पैसे सोडले. याचा मला स्वतःच्या नुकसानापेक्षा जास्त राग आहे. कुणी तुम्हाला कापून मागितलं आणि तुमची नोंदणी नसेल, तर त्या क्षणी नाही म्हणा, भाव कितीही दिला तरी. आणि अशी धमकी आली तर हेही ठाऊक असू द्या की माल कुणाकडून घेतला याची नोंद ठेवणं पबलाही कायद्याने बंधनकारक असतं. अधिकारी आला तर त्याचीही वही उघडणार.

खरी ग्यानबाची मेख पुढे होती. मी बिलं पबच्या नावाने केली होती, तसं त्यानेच सांगितलं होतं. इथले कितीतरी पब मोठ्या कंपनीच्या किंवा बिअर बनवणाऱ्या ब्रूअरीच्या मालकीचे असतात आणि आत चालवणारा नुसता भाडेकरू. पाटी शंभर वर्षं तीच राहते, आतली कंपनी बदलते. दावा लावायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, माल घेणारी कंपनी वेगळी होती आणि ती आता बंद होतेय. कंपनीज हाउस, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणारी सरकारी कचेरी, तिच्या वेबसाइटवर कंपनी फुकट शोधता येते. संचालकाच्या नावावर टिचकी मारली तर त्याच्या आधीच्या कंपन्याही दिसतात. याच्या नावावर बंद पडलेल्या कंपन्यांची रांग होती. भाजीवाला, मासेवाला, सगळ्यांची उधारी तिथेच गाडलेली.

सुदैवाने एक गोष्ट हाताशी आली. कंपनी रजिस्टरवरून काढायचा अर्ज झाला की गॅझेटमध्ये (सरकारी राजपत्रात) सूचना छापतात आणि निदान दोन महिने थांबतात. तेवढ्यात येणेकरी हरकत घेऊ शकतो. संचालकाने अर्जाची प्रत सात दिवसांत सगळ्या येणेकऱ्यांना पाठवायची असते, ती त्याने कुणालाच पाठवली नाही. पण मी त्या कंपनीवर ईमेलची सूचना लावून ठेवली होती, तीही फुकट असते. मी आणि मासेवाल्याने बिलं जोडून हरकत घेतली आणि ते काम थांबलं. मग त्याच कंपनीविरुद्ध छोट्या रकमांच्या कोर्टात दावा केला. धंद्यातल्या थकबाकीवर १९९८ च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दराच्या वर आणखी ८ टक्के व्याज लागतं, तेही मागितलं. निकाल माझ्या बाजूने लागला. पैसे अजून आलेले नाहीत, कंपनीच्या खात्यात काही उरलंय की नाही तेच पाहायचंय.

आता मी दारातच कागदावर सही घेतो : कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, टॅगचा क्रमांक, वजन, माल चांगल्या स्थितीत मिळाला ही ओळ. मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचं धड गाडीतून उतरत नाही. शिकारीचं मांस घाऊक घेणाऱ्या गेम डीलरकडे भाव कमी मिळतो, तरी उरलेलं बरंचसं आता तिकडेच जातं, कारण तो वजन करतो आणि पैसे देतो.

तो माणूस नव्या कंपनीच्या नावाने शेजारच्या काउंटीत (जिल्ह्यात) पब चालवायला घेतोय असं मासेवाल्याकडून कळलं. फेझंटचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो, त्याच्या आत त्या भागातल्या शिकाऱ्यांपर्यंत हे पोचवा.