सायलेन्सरच्या पाइपला हीट पेंट की सिरॅमिक कोटिंग?

या दोन्हींतलं काय निवडायचं यात मित्र अडकलाय म्हणून लिहितोय. हीट पेंटच्या (उष्णता सोसणाऱ्या रंगाच्या) डब्यावर ६००-६५० डिग्री लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका, खरी परीक्षा इंजिनला चिकटलेल्या बेंडवर, म्हणजे पाइपच्या वळणावर होते.

खर्चात हीट पेंट कितीतरी स्वस्त आणि घरी मारता येतो, पण गंज घासून, थिनरने तेलकटपणा काढून, पातळ दोन-तीन हात मारून नंतर इंजिन थोडं थोडं तापवत पेंट पक्का करावा लागतो, लोक नेमकं हेच टाळतात आणि मग पापुद्रे निघतात! शिवाय पेट्रोल सांडलं की डाग पडतो.

सिरॅमिकला (उष्णता सोसणारा कडक थर) आधी सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या जोरदार झोताने पाइप साफ करणं लागतं, म्हणून पाइप खोलून कारागिराकडेच द्यायचा. महाग आहे, पण वर्षानुवर्षं टिकतं आणि गंजाला चांगलं अडवतं.

जुनी रोजची गाडी असेल तर पेंट. पावसापाण्यात लांब फिरणारी, बरीच वर्षं ठेवायची गाडी असेल तर सिरॅमिकच करा.