कडोलीचा गड्डा, एसी दुकानातला ट्रे आणि फ्रोझनचं पाकीट

नोव्हेंबरपासून आमच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी ब्रोकोली होते. बायको नर्स आहे. तिला दुपारची पाळी लागली की दोन ते नऊ, आणि त्या आठवड्यात रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे. साडेपाचला सुटतो, भाजी घेऊन वडगावला पोचेपर्यंत साडेसहा वाजतात. आईची गोळी जेवणानंतरची आणि ती आठच्या आत पोटात जायला हवी. मधल्या वेळात मुलीची गणितंही बघायची असतात. अशा संध्याकाळी कुठली ब्रोकोली आणावी, पैशाला आणि वेळेला कुठली परवडते, हे मी महिनाभर आलटून पालटून आणून बघितलं. अख्खा गड्डा, चिरून प्लास्टिक गुंडाळलेला ट्रे आणि फ्रोझनचं अर्ध्या किलोचं पाकीट, असे तीन प्रकार. वजनं घरच्या काट्यावर केली, वेळ मोबाइलवर लावला.

गड्डा मी गोवावेसच्या अलीकडे पोतं अंथरून बसणाऱ्या अक्काकडून घेतो. ती कडोलीकडची. कोबी, फ्लॉवर, मेथी, हिरवी मिरची, आणि थंडी पडली की एका बुट्टीत दहा-बारा ब्रोकोली. मी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक, पण ब्रोकोलीकडे कधी हात गेला नव्हता. एक दिवस तीच म्हणाली, "दादा, फ्लावर रोज नेताय, हे एकदा नेऊन बघा की. घरच्या रानातलं हाय." पन्नास रुपयांना एक गड्डा दिला आणि वर कोथिंबीर टाकली.

त्या गड्ड्याचं वजन ४३० ग्रॅम भरलं. तुरे २४० ग्रॅम, दांडा १५०, पानं ४०. दांडा सोलल्यावर १२० उरला. नुसते तुरे खाऊन दांडा टाकला तर १०० ग्रॅम २१ रुपयांना पडतात. दांडाही खाल्ला तर १४ रुपयांना. ट्रे २०० ग्रॅमचा, ७९ रुपयांना, म्हणजे १०० ग्रॅमला जवळपास ४०. फ्रोझन १६५ रुपयांना अर्धा किलो, म्हणजे ३३. पण एकदा ते भांड्यात काढून पूर्ण वितळू दिलं तर तळाला ७० ग्रॅम पाणी निघालं. ते वजा केलं तर ३८.

आधी ट्रेबद्दल सांगून टाकतो. चिरायचा वेळ वाचतो हे खरं, पण तो वेळ आहे तरी किती? अख्खा गड्डा तोडायला मला पाच मिनिटं लागतात. उलट तुरे कापले की जिथं सुरी लागते तिथून ते सुकायला लागतात. आतून प्लास्टिकला दव धरलेलं असतं, बाहेरून सगळं हिरवंगार दिसतं, आणि उघडल्यावर उग्र वास येतो. मी आणलेल्या तीन ट्रेंपैकी एकात दुसऱ्या दिवशीच तुऱ्यांची टोकं पिवळी पडली. दुकानात परत दाखवला तर तारीख अजून संपलेली नाही म्हणून सांगितलं. तारीख बरोबर होती, पण भाजी उतरली होती. शिवाय ट्रेमध्ये दांडा नसतो, आणि माझ्या दृष्टीनं अर्धी भाजी दांड्यातच आहे. ट्रे मी पुन्हा आणणार नाही.

पिवळेपणाचं कारण कळलं तेव्हापासून मी गड्डा निवडताना डोळ्याजवळ धरून बघतो. ब्रोकोलीचा तुरा म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा गुच्छ. मोहरीच्या दाण्याहून बारीक कळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. त्या घट्ट असतील, रंग गडद आणि किंचित निळसर असेल तर गड्डा ताजा. कळ्या सैल पडून मधे पिवळं डोकावायला लागलं की फूल उमलायला निघालंय, आणि चवीत कडसरपणा उतरतो. दांड्याचा कापलेला बूड ओलसर हवा. बूड मधे पोकळ दिसला तर घाबरू नये. झाड भराभर वाढलं की असं होतं, खायला काही अडचण नाही.

दांड्याची ओळख आईनं करून दिली. पहिल्या दिवशी मी तो बाजूला टाकलेला बघून तिनं उचलला, विळीवर साल काढली, एक चकती कच्चीच तोंडात टाकली आणि म्हणाली, "हे तर नवलकोलगत लागतंय की रे. टाकतोस कशाला?" तिचं बरोबर होतं. नवलकोल, कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली ही चारही मुळात एकाच जातीची पिकं आहेत, ब्रॅसिका ओलेरेसिया. माणसानं कुणाचं पान वाढवलं, कुणाचा दांडा, कुणाचा फुलोरा. ज्या घरात नवलकोलाची भाजी पिढ्यान्‌पिढ्या होतेय, तिथं ब्रोकोलीसाठी वेगळं काही शिकावं लागत नाही. साल मात्र जाड काढायची. दोऱ्यासारखे तंतू सालीखालीच असतात.

रविवारी मी दोन गड्डे आणतो. तुरे तोडून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवतो. एकदा एक हिरवी अळी वर तरंगत आली, त्यानंतर ही पायरी कधी चुकवली नाही. मग चाळणीत निथळून जुन्या धोतराच्या फडक्यावर पंख्याखाली पसरतो. पूर्ण कोरडे झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत, ओल राहिली की तिसऱ्या दिवशी चिकट होतात. स्टीलच्या डब्यात खाली कोरडं फडकं घालून भरलेले तुरे बुधवारपर्यंत चांगले राहतात, गुरुवारी थोडे मलूल पडतात. म्हणजे सोमवारी एक भाजी, बुधवारी दुसरी. त्यापुढं ताणू नये.

वाफवायला इडलीपात्र. ही मला सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. आधी पाण्यात उकळून बघितलं तर पाणी हिरवं आणि भाजी बेचव. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, ओतून दिलेल्या पाण्याबरोबर तेही मोरीत जातं. आणि ब्रोकोलीत ते भरपूर असतं, १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत सुमारे ८९ मिलिग्रॅम, संत्र्यापेक्षाही जास्त. इडलीपात्रात भाजीला पाणी शिवतच नाही. सगळ्यात खालच्या ताटलीत दांड्याच्या चकत्या, वरच्या दोन्हींत तुरे. चकत्या जाड असतात, खालून वाफ त्यांना आधी मिळते, सगळं एकदम शिजतं.

वेळ मी मुलीला बरोबर घेऊन तपासली. वाफ जोरात यायला लागल्यापासून तीन, चार, पाच आणि सात मिनिटांनी एकेक तुरा काढला. तीनला आत करकरीत, आईच्या दातांना जड. चारला रंग सगळ्यात उजळ, सुरीचं टोक हलक्या दाबानं आत जातं. पाचला मऊ, चालण्यासारखा. सातला रंग शेवाळी झाला आणि घरभर जास्त शिजलेल्या कोबीचा वास. जास्त वेळ उष्णता लागली की हिरव्या रंगद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि हिरवं शेवाळी होतं. गंधकाचा तो वासही तेव्हाच बाहेर पडतो. ज्यांना ब्रोकोली आवडत नाही त्यांच्या ताटात बहुतेक सात मिनिटांचीच ब्रोकोली आलेली असते. आमचं चार मिनिटांवर एकमत झालं. चार झाली की ताटात पसरायची, पात्रात झाकून ठेवली तर आतल्या आत शिजत राहते.

सोमवारची भाजी बारा मिनिटांत होते. लोखंडी तव्यात दोन चमचे शेंगतेल, मोहरी, ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या, दोन ब्याडगी मिरच्या मोडून. आधी कच्च्या चकत्या तीन मिनिटं परतायच्या, मग तुरे, मीठ, दोन चमचे पाण्याचा हबका, आणि मोठ्या आचेवर चार मिनिटं. झाकण नाही. तुऱ्याच्या कडा जरा काळसर झाल्या पाहिजेत, खरी चव तिथंच लागते. गॅस बंद करून वरून दोन चमचे कारळ्याची चटणी. आमच्याकडे कारळ्याची, शेंगदाण्याची, जवसाची अशा चटण्यांच्या बरण्या आईनं भरून ठेवलेल्याच असतात. कष्टाचं काम तिनं आधीच केलेलं असतं, म्हणून माझं बारा मिनिटांत उरकतं. कारळ्याचा खमंगपणा ब्रोकोलीच्या किंचित कडसरपणावर असा बसतो की दुसरा मसाला लागत नाही. कधी पुटाणी, म्हणजे भाजक्या चण्याचं डाळं, मिक्सरला फिरवून ती पूड घालतो, सुटलेलं पाणी ती शोषून घेते. लिंबू ताटात पिळायचं, तव्यात नाही. आंबटानंही रंग शेवाळी होतो. भाकरी कोपऱ्यावरच्या बाईंकडून आणतो, ज्वारीच्या चार.

बुधवारची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. बायकोनं सांगितलं की ब्रोकोलीत एक घटक असतो, त्याच्यापासून सल्फोराफेन नावाचं उपयोगी द्रव्य बनतं, पण ते बनवणारं एन्झाइम शिजवताना मरतं. तेच एन्झाइम कच्च्या मोहरीच्या पुडीत असतं, म्हणून शिजलेल्या ब्रोकोलीवर कच्ची मोहरी घातली की काम पुन्हा सुरू होतं. हे ऐकून आई उठली आणि लोणच्यासाठी आणून उरलेली मोहरीची डाळ घेऊन आली. फेसलेल्या मोहरीची कोशिंबीर तिच्या माहेरची.

चमचाभर मोहरीची डाळ, चिमूट मीठ आणि चमचाभर पाणी दगडी खलात. बत्त्यानं घोटत राहायचं. पहिल्या मिनिटाला काहीच होत नाही, नुसती पिवळी पेस्ट. मग रंग फिका पडत जातो, कडेनं फेस धरतो, आणि एकदम नाकात झिणझिण्या येऊन डोळ्यांत पाणी. मुलगी खलावर वाकून बघत होती, ती "पप्पा!" म्हणत मागे सरली. आई म्हणाली, "आता आली बघ." तशीच पाच मिनिटं ठेवायची. तोवर वाफवलेले तुरे गार झालेले असतात, ते हातानं बारीक मोडून वाटीभर घट्ट दह्यात, वर ही फेसलेली मोहरी, चिमूटभर साखर, कोथिंबीर. फोडणी नाही, गरम तेल पडलं की मोहरीचा जोर गेला. खिचडीबरोबर ही कोशिंबीर असली की मुलगी दोनदा वाढून घेते. फ्लॉवर ताटात ठेवून उठणारी मुलगी आहे ही.

उरलेले दांडे किसून थालीपिठाच्या भाजणीत जातात. किसाला मीठ लावून पाच मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं, त्याच पाण्यात भाजणी भिजते. कोवळी पानं मुगाच्या डाळीत.

आता फ्रोझन. त्याला मी वाईट म्हणणार नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. गोठवण्याआधी ते गरम पाण्यातून काढलेलं असतं, म्हणजे आपल्या हातात येतं तेव्हाच अर्धवट शिजलेलं असतं. त्याची परतून भाजी केली की लगदा होतो. दोनदा करून बघितली, दोन्ही वेळा आईनं काही न बोलता लोणचं मागितलं. वितळू न देता थेट तापलेल्या तव्यावर टाकलं तर बरं होतं, तरी ताज्याची सर नाही. मात्र मूगडाळीबरोबर कुकरला दोन शिट्ट्या, मग रवीनं घुसळून, वर जिरं-लसणाची फोडणी, मिरपूड आणि थोडं तूप, हे सार उत्तम होतं. पोटाला हलकं आणि वीस मिनिटांत तयार. त्यासाठी एक पाकीट फ्रीजरमध्ये असायला हरकत नाही. एकदा लाईट बराच वेळ जाऊन आली आणि आतलं सगळं एकच ढेकूळ होऊन बसलं, तेव्हापासून मी लहान पाकीट घेतो.

एक सूचना, बायकोनं आवर्जून लिहायला सांगितलेली. घरात कुणाला रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर ब्रोकोली रोजच्या जेवणात एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिच्यात के जीवनसत्त्व बरंच असतं आणि त्याचं प्रमाण वरखाली झालं की गोळीचा हिशेब बदलतो.

अक्काकडे जायचं असेल तर साडेसहाच्या आत गाठा, त्यानंतर बुट्टीत सैल कळ्यांचे गड्डे उरतात. भाव थंडीत ४० ते ६० रुपयांत असतो. एका गड्ड्यासाठी घासाघीस करू नका, दोन घेतले तर ती स्वतःच दहा कमी करते. पानं काढून देऊ का विचारेल, नको म्हणून सांगा. गेल्या आठवड्यात मी तिला दांड्याच्या थालीपिठाचं सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही तर दांडा म्हशीला घालतोय." या रविवारी आईनं दोन थालीपिठं फडक्यात बांधून दिली आहेत तिच्यासाठी. संध्याकाळी जाताना घेऊन जाणार आहे.