टूडूइस्टमधलं उद्गारचिन्ह आणि परत परत उगवणारी कामं

एकदाच करायचं काम कुठल्याही ॲपला सांभाळता येतं. फोन करायचा होता, केला, टिक मारली, विषय संपला. ॲपचा कस लागतो तो टिक मारल्यावरही परत उगवणाऱ्या कामांत, आणि माझ्या यादीत भरणा त्यांचाच आहे. महिनाअखेरीचे हिशेब, पाण्याच्या फिल्टरची जाळी, लॅपटॉपचा बॅकअप, आईची रक्ततपासणी, झाडांना खत, विम्याचा हप्ता. मी घरून काही छोट्या धंद्यांची हिशेबाची कामं बघते, त्यामुळे तारीख हुकली की दुसऱ्याचं नुकसान आणि बोलणी मला. हा सगळा पसारा गेली काही वर्षं टूडूइस्ट या कामांची यादी ठेवणाऱ्या ॲपवर आहे. हे परीक्षण फक्त त्याच्या 'रिपीट'चं. बोर्ड, रंग आणि 'कर्मा' नावाचे गुण आवडणाऱ्यांनी खुशाल वापरावेत, मी तिकडे फिरकत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ॲप निवडताना लोक हीच बघत नाहीत. परत येणारी कामं दोन जातींची असतात. विम्याचा हप्ता तारखेला बांधलेला असतो. तुम्ही या वेळी उशिरा भरलात म्हणून पुढची तारीख पुढे जात नाही. फिल्टरच्या जाळीला मात्र कॅलेंडर ठाऊक नसतं. ती मागच्या वेळी कधी धुतली, एवढ्यावरच पुढचं सगळं. समजा जाळी दर तीन आठवड्यांनी धुवायची आहे आणि तुम्ही नऊ दिवस उशीर केलात. तारखेला चिकटून बसणारं ॲप पुढच्या बारा दिवसांतच परत आठवण करणार. आत्ता तर धुतली, असं म्हणत तुम्ही न धुताच टिक मारणार. दोन-तीनदा असं झालं की त्या टिकेवरचा विश्वास उडतो. मग यादी उघडायची, सगळं पुसायचं आणि बंद करायची, एवढाच उद्योग उरतो.

टूडूइस्टमध्ये हा फरक एका उद्गारचिन्हावर आहे. कामापुढे इंग्रजीत 'एव्हरी थ्री वीक्स' लिहिलं तर पुढची तारीख ठरलेल्या वेळापत्रकावरून मोजली जाते. 'एव्हरी! थ्री वीक्स' लिहिलं तर ज्या दिवशी टिक माराल त्या दिवसापासून. बस. वेगळी खिडकी नाही, सेटिंगच्या पोटात शिरणं नाही. मी कामाचं नाव मराठीत लिहिते आणि शेवटचा तारखेचा तुकडा इंग्रजीत. दिसायला धेडगुजरी, पण चालतं छान. 'एव्हरी वर्कडे', 'एव्हरी थर्ड फ्रायडे', 'एव्हरी लास्ट डे' हे सगळं त्याला कळतं, आणि पुढे 'स्टार्टिंग' लिहून सुरुवातीची तारीखही देता येते.

ही सोय एकट्या टूडूइस्टची नाही, हेही सांगायला हवं. टिकटिक आणि थिंग्ज या ॲपांमध्ये ती आहे, आणि रिमेंबर द मिल्क हे ॲप तर 'एव्हरी' आणि 'आफ्टर' असे दोन सरळ शब्दच वापरतं. ऑर्ग-मोडवाल्या (म्हणजे इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्येच याद्या ठेवणाऱ्या) मंडळींकडे याच कामासाठी तीन वेगळ्या खुणा आहेत, पण त्यांच्याशी वाद घालायला मी जात नाही. गूगल टास्क्समध्ये मात्र रिपीट म्हणजे तारखेवरूनच. तुमची सगळी कामं हप्त्यांच्या जातीची असतील तर तेवढं पुरेसं आहे, उगाच जड ॲप कशाला घ्या?

'एव्हरी लास्ट डे' मला इतकं का आवडतं त्याला कारण आहे. माझं काम महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आणि तो दिवस कधी ३१, कधी ३०, कधी २८. कॅलेंडर ॲपांनी एकमेकांना माहिती द्यायचं जे ठरलेलं मानक आहे, २००९ सालचं आरएफसी ५५४५, त्यात नियम असा आहे की 'दर महिन्याची ३१ तारीख' म्हटलं तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना गाळायचा. म्हणजे वर्षातून पाच वेळा दांडी. 'शेवटचा दिवस' सांगायची वेगळी सोय त्याच मानकात आहे, पण वापरणाऱ्याला ती ॲपने दाखवली तर ना! तेव्हा कुठलंही ॲप घ्या, महिनाअखेरीच्या कामात ३१ हा आकडा टाकू नका. 'शेवटचा दिवस' असा पर्याय शोधा, आणि नसेलच तर २८ टाकून मोकळे व्हा.

महिनाअखेरीच्या त्या कामाखाली मी पोटकामं लिहून ठेवली आहेत: बँकेचं स्टेटमेंट उतरवणं, बिलांचे फोटो मागवणं, येणी-देणी जुळवणं, फाइल पाठवणं. एकेक पुसत जायचं. सगळं झालं की मुख्य कामावर टिक. ते पुढच्या महिनाअखेरीला जाऊन बसतं आणि खालची पोटकामं परत कोरी होतात. ऐकायला किरकोळ, पण यावरच माझं निम्मं काम चालतं. एखाद्या महिन्यात नवी पायरी सुचली की तिथल्या तिथे घालते, ती पुढच्या महिन्यात आपोआप हजर.

उशीर झाल्यावर ॲप कसं वागतं, हाही महत्त्वाचा मुद्दा. याआधी मी जे ॲप वापरायचे (नाव घेत नाही), ते हुकलेल्या प्रत्येक दिवसाची वेगळी प्रत काढून ठेवायचं. आठवडाभर आजारी पडून उठले, तर 'झाडांना पाणी' सात वेळा समोर उभं. त्या सात पाण्यांचं मी काय करणं अपेक्षित होतं, देव जाणे. टूडूइस्टमध्ये काम एकच राहतं. तारीख लाल होते, टिक मारली की पुढच्या वेळेला सरकतं, मधल्या चुकलेल्या वेळांचा हिशेब मागत नाही.

इथे एक जागा सांभाळायची. आजचं काम उद्यावर ढकलायचं असेल तर कॅलेंडरच्या चौकटीतून तारखेवर बोट ठेवा, रिपीट शाबूत राहतो. तारखेच्या जागी 'टुमॉरो' असं नव्याने टाइप केलंत तर जुना मजकूर जाऊन नवा बसतो, रिपीट त्याच्याबरोबर गेला. काम उद्या एकदा दिसेल आणि टिक मारल्यावर कायमचं गायब. एखादं काम खरोखरच कायमचं संपवायचं असेल, समजा ते ग्राहकच सुटले, तर मेनूमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे. साधी टिक मारत राहिलात तर ते तुमचा पिच्छा सोडणार नाही.

रोजच्या रेट्यात खरं काम बुडतं, ही तक्रार परत येणाऱ्या कामांबद्दल सगळ्यांचीच असते. सकाळी यादी उघडली की वीस ओळी, त्यातल्या सोळा नेहमीच्याच. त्यावर ॲपमधला फिल्टर, म्हणजे यादी गाळून दाखवणारी सोय, हा उपाय आहे. फिल्टरमध्ये 'रिकरिंग' लिहिलं की फक्त परत येणारी कामं दिसतात, त्याच्याआधी उद्गारचिन्ह लावलं की ती सोडून बाकीची. (इथे त्याच चिन्हाचा अर्थ 'नको' असा होतो. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचं आहे.) माझा सकाळचा फिल्टर म्हणजे 'आजची, पण रिकरिंग नसलेली' कामं. आधी ती बघते, नेहमीची फौज दुपारनंतर. उलटा फिल्टर अधूनमधून लावून छाटणीही करते. वर्षापूर्वी उत्साहात लावलेलं 'रोज दहा मिनिटं व्यायाम' तिथेच सापडतं. असल्या गोष्टी यादीत ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. न केल्याने कुणाचं काही अडत नाही आणि लाल रंग बघून वाईट मात्र वाटतं. सलग किती दिवस केलं हे मोजायचंच असेल तर टिकटिकमध्ये सवयींचा वेगळा विभाग आहे, तो घ्या.

आईच्या रोजच्या गोळ्याही मी ॲपमध्ये ठेवत नाही. टिक मी मारणार आणि गोळी ती घेणार. मधे काय झालं ते ॲपला कसं कळणार? त्याला सात कप्प्यांची डबी बरी. कप्पा रिकामा आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. गोळ्या संपत आल्या की आणायच्या, एवढं काम ॲपमध्ये, तेही उद्गारचिन्हासकट.

एक उणीव मात्र आहे, आणि घरात किंवा ऑफिसात मिळून यादी वापरणाऱ्यांनी ती आधीच लक्षात घ्यावी. परत येणारं काम एकाच्या नावावर टाकलं की ते त्याच्याच नावावर राहतं. पाळी बदलत नाही. आईला तपासणीला नेणं मी आणि भाऊ आळीपाळीने करतो. त्यासाठी एकच काम दोनदा लिहावं लागलं: एक माझ्या नावाने, एक त्याच्या, दोन्ही 'एव्हरी सिक्स मंथ्स', आणि 'स्टार्टिंग'ची तारीख तीन महिन्यांच्या फरकाने. इथे उद्गारचिन्ह लावायचं नाही, नाहीतर एकाने उशीर केला की दोघांच्या तारखा हळूहळू एकमेकांवर येतात. जुगाड आहे, पण टिकलाय. भावाची ओळ बहुतेक वेळा लाल असते, पण त्याचा दोष ॲपवर ढकलता येणार नाही.