नौपाड्यातला जुना टू बीएचके की घोडबंदरचा नवा? भाव बाजूला ठेवून फक्त आतल्या मांडणीची तुलना

ठाण्यात टू बीएचके शोधणाऱ्या बऱ्याच कुटुंबांची यादी शेवटी दोन नावांवर येऊन अडते. एक, नौपाडा-पाचपाखाडीकडच्या तीसेक वर्षं जुन्या, तीन-चार मजली इमारतीतला रिसेलचा फ्लॅट. दुसरा, घोडबंदर रोडच्या टॉवरमधला नवाकोरा. भाव, स्टेशनचं अंतर, मेट्रो, क्लबहाऊस यांवर सल्ला देणारे पैशाला पासरी आहेत. वॉशिंग मशीनचं दार उघडेल का, आजींना रात्री बाथरूमला जाताना किती वळणं आहेत, हे मात्र सामान हलवल्यावरच कळतं. म्हणून इथे तेवढंच बघू. डोळ्यांसमोर पाच जणांचं घर धरलं आहे: नोकरी करणारे दोघं, दोन मुलं आणि आजी. वाशी-नेरुळच्या जुन्या सोसायटीत किंवा खारघर-उलव्याच्या टॉवरमध्ये बघत असाल, तर यातलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आधी भिंतीवर टकटक करा

जुन्या इमारतीत कॉलम-बीमचा सांगाडा आणि मध्ये विटांच्या भिंती असतात. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. पण स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार आणि सोसायटीची परवानगी घेऊन मधली वीटभिंत सरकवता येते, दार दुसरीकडे काढता येतं, खाच मारून नवा प्लग पॉइंट घेता येतो.

नव्या टॉवरमध्ये बहुतेक ठिकाणी मिवान पद्धत असते. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. या भिंती इमारतीचं वजन पेलतात, म्हणून त्या पाडायच्या नाहीत आणि वायरिंगसाठी खाचाही मारायच्या नाहीत. विजेचे पाइप ओतण्याआधीच आत घातलेले असतात. काही टॉवरमध्ये एखाद-दुसरी भिंत ब्लॉकची असते. ती कोणती, हे प्लॅनवर खूण करून मागा.

माझ्या मते सगळी तुलना इथूनच सुरू होते. जुन्या फ्लॅटमधली गैरसोय पैसे आणि धूळ सोसून दुरुस्त करता येते. नव्यातली गैरसोय जशी मिळाली तशी राहते. म्हणजे नवं घर निवांतपणे बघायचं आणि जुनं बारकाईने, असा जो समज आहे, तो मांडणीच्या बाबतीत उलटा हवा.

सकाळचे सात ते साडेआठ

जुन्या टू बीएचकेमध्ये संडास आणि बाथरूम बहुधा वेगळे असतात आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. नव्यात दोन टॉयलेट: एक मास्टर बेडरूमला जोडलेलं, एक कॉमन, आणि दोन्हींत सगळं एकत्र. ब्रोशरमध्ये ‘दोन’ हा आकडा भारी दिसतो. पण सकाळी हिशोब करा. जुन्या घरात एक जण संडासात, एक अंघोळीला, एक बेसिनवर दात घासतोय, म्हणजे तिघांची कामं एकाच वेळी चालू. नव्या घरात दोन दारं बंद झाली की तिसरा बाहेर उभा. त्यातही मास्टरमधलं टॉयलेट झोपायच्या खोलीतून जाऊनच वापरता येतं, त्यामुळे कॉलेजातला मुलगा तिकडे सहसा फिरकत नाही.

बाहेरच्या बेसिनची किंमत पाहुणे आले की कळते. जेवून उठलेल्या आठ-दहा जणांनी हात कुठे धुवायचे? नव्या घरात एक तर सिंकवर, नाही तर टॉयलेटमध्ये. नव्या प्लॅनमध्ये कॉमन टॉयलेटच्या बाहेर दीड फुटाचं बेसिन बसवायला जागा आणि शेजारी पाण्याची व सांडपाण्याची लाइन असेल, तर त्या प्लॅनला माझ्याकडून जादा गुण.

आजींसाठी मात्र नव्याचं पारडं जड आहे. त्यांची खोली जोडलेल्या टॉयलेटची असली, तर रात्री पॅसेज ओलांडावा लागत नाही. कमोडशेजारी पकडायची दांडी काँक्रीटच्या भिंतीत घट्ट बसते. चार इंची वीटभिंतीत तिचा तेवढा भरवसा नाही. जुन्या घरात भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर ते काढून कमोड बसवणं म्हणजे खालचा कोबा फोडून वॉटरप्रूफिंग पुन्हा करणं, आणि त्याची झळ खालच्या मजल्याला. दोन्हीकडे एक गोष्ट तपासा: बाथरूमचं दार आत उघडतं का? आत कोणी पडलं तर तेच माणूस दाराला अडतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. बाथरूमचं दार बहुधा अडीच फुटी असतं. चौकटीच्या आतून मोजलं की त्याहून कमी भरतं. व्हीलचेअरची वेळ आली तर हेच इंच आडवे येतात.

आणि लिफ्ट. जुन्या इमारतीत ती नसेल आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असेल, तर आजी असलेल्या घराने बाकीचं वाचायचीही गरज नाही.

ओटा, फ्रिज आणि धुणं

जुनं स्वयंपाकघर वेगळं, दार असलेलं, ओट्यासमोर खिडकी आणि मागे छोटी गॅलरी. नव्यात ते बऱ्याचदा हॉलला उघडं असतं. रोज फोडणी आणि पोळ्या होणाऱ्या घरात उघड्या किचनचा वास पडद्यांत बसतो, चिमणी कितीही चांगली असो. कुकरच्या शिट्ट्या आणि ऑनलाइन मीटिंग एकाच खोलीत येतात, ते वेगळंच.

रुंदी मात्र दोन्हीकडे मोजा. ओटा दोन फूट खोल. समोर दोन फुटांचा दुसरा ओटा असेल, तर सात फुटी स्वयंपाकघरात चालायला तीन फूट उरतात. दोघी एका वेळी वावरू शकतील, पण फ्रिज उघडला की एकीला थांबावं लागेल. फ्रिज भिंतीला चिकटून कोपऱ्यात दाखवला असेल तर जपून. दार पुरतं उघडलं नाही तर आतला भाजीचा ट्रे बाहेर येत नाही. महानगर गॅसची पाइपलाइन इमारतीत असेल तर ओट्याखालची सिलिंडरची जागा मोकळी होते, हा दोन्हीकडे सारखाच फायदा.

आता ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली धुण्याची छोटी गॅलरी. नव्या घराचा हा मोठा दिमाख, पण ती तीन फूट रुंद असेल तर काय होतं बघा. फ्रंट लोडिंग मशीन साधारण दोन फूट खोल. समोर उरला एक फूट. त्यात दार उघडून, वाकून ओले कपडे कोण काढणार? मशीन आडवं, अरुंद बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसत असेल तरच ती जागा कामाची. तिथे नळ, पाणी वाहून जायची जाळी आणि जादा अँपिअरचा प्लग हे तिन्ही आहेत का, तेही बघा. गॅसचा मीटर तिथेच असेल तर नंतर काच लावून बाल्कनी बंद करायचा बेत सोडून द्या. त्याला हवा खेळती लागते.

कपडे वाळवण्याच्या बाबतीत जुनं घर सरळ जिंकतं. खिडकीला बॉक्स ग्रिल, त्यात दोऱ्या, एका कोपऱ्यात तुळस. टॉवरमध्ये बाहेरून सगळं एकसारखं दिसावं म्हणून बॉक्स ग्रिलला बहुधा मनाई. मग जून ते सप्टेंबर पाच जणांचे कपडे हॉलमधल्या स्टँडवर, पंख्याखाली. छताला पुलीच्या दांड्या लावता येतील अशी जागा नव्या फ्लॅटमध्ये बघूनच ठेवा.

‘हिल व्ह्यू’चे जादा पैसे

मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यात येऊरचे डोंगर रस्त्याच्या पश्चिमेला आहेत. म्हणजे डोंगर दिसणारी खोली पश्चिमेची. उन्हाळ्यात दुपारनंतर तापणार आणि नैऋत्येकडून येणारा पावसाळी वारा पाण्याचे सपकारे तिथेच मारणार. दृश्य सुरेख असतं, नाही म्हणत नाही. पण त्या खोलीत आजींना किंवा अभ्यासाचं टेबल ठेवणार असाल तर खिडकीवर छज्जा किती बाहेर आलाय हे बघा. बऱ्याच टॉवरमध्ये तो नावालाच असतो.

खिडकीचं आणखी एक. जुनी झडपांची खिडकी पूर्ण उघडते. नवी दोन पट्ट्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते. पाच फुटी खिडकीतून अडीच फुटांची हवा. जाळीसाठी तिसरी पट्टी आहे का, हे विचारायला लोक विसरतात आणि डास आठवण करून देतात.

खोलीत पलंग ठेवून बघणे

दहा बाय दहाची खोली दोन्हीकडे सर्रास मिळते. सहा बाय साडेसहाचा पलंग डोकं एका भिंतीला लावून ठेवला की पायाशी साडेतीन फूट उरतात. तिथे दोन फुटी कपाट उभं केलं तर मध्ये दीड फूट. कपाट उघडायचं तर पलंगावर बसून. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग बऱ्याचदा लहान असतो, त्यामुळे तिथे हे जाणवत नाही, टेपने मोजा.

कार्पेटच्या, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाच्या, आकड्यावरही विसंबू नका. रेरा या घरबांधणी-विक्रीच्या कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये मोजली जाते. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात नसतात. पॅसेजही कार्पेटमध्येच येतो. तीन बाय बाराचा पॅसेज म्हणजे ३६ चौरस फूट, ज्यात धड कपाटही उभं राहत नाही. जुन्या घराच्या करारात बऱ्याचदा बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून मोजलेलं क्षेत्रफळ, लिहिलेलं असतं, म्हणून दोन कागदांवरचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. प्रत्येक खोली आतून मोजून बेरीज करा.

दाराबाहेरच्या चपला हा छोटा मुद्दा, पण रोजचा. जुन्या इमारतीत जिन्याजवळ रॅक खपून जातो. टॉवरची लॉबी आगीच्या नियमांमुळे मोकळी ठेवावी लागते, म्हणून आत, दारामागे फूटभर खोलीचा रॅक बसेल एवढी भिंत हवी.

मग कोणता?

आजी सोबत आहेत आणि जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, तर घोडबंदर. लिफ्ट असेल आणि हाताशी दुरुस्तीचे पैसे असतील, तर पाच जणांच्या रोजच्या वापराला मी जुन्या मांडणीला झुकतं माप देईन: वेगळा संडास, बाहेरचं बेसिन, दाराचं स्वयंपाकघर, हलवता येणाऱ्या भिंती. फक्त नवरा-बायको आणि एक लहान मूल असेल तर नव्यातल्या बहुतेक अडचणी जाणवणारही नाहीत.

जुन्याला एक मोठी अट आहे. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत, ते सेक्रेटरींकडून समजून घ्या. विकासक ठरला असेल तर तुम्ही प्रत्यक्षात पुढचा नवा फ्लॅट विकत घेत आहात, आणि तुलना त्या येणाऱ्या प्लॅनशी करायला हवी. आतल्या तोडफोडीवर मग एक रुपयाही घालू नका. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तो अहवाल मागा. खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून त्यांच्या बाथरूमचं छतही बघून या. ओलीचे डाग असतील तर तुमच्या दुरुस्तीच्या यादीत पहिलं काम तेच.

नव्यासाठी टोकन देण्याआधी बिल्डरकडून विजेच्या आणि प्लंबिंगच्या पॉइंटचा नकाशा घ्या. त्यावर फ्रिज, मशीन, पलंग, गीझर, राउटर, देवघराचा दिवा, गणपतीच्या मखराचा कोपरा, सगळं पेन्सिलने मांडा. इमारतीचं काम तुमच्या मजल्यापर्यंत पोहोचलं नसेल तर एखादा पॉइंट बदलून मिळू शकतो. तो लेखी घ्या, सेल्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर नको.