थेटफर्ड पोर्टा पॉटी 365: टाकी 21 लिटरची, हिशेब मगाचा

व्हॅनच्या तळाला भोक न पाडता संडासाची सोय करायची असेल, तर थेटफर्ड कंपनीचा पोर्टा पॉटी 365 हा उचलून नेता येणारा संडास सर्वांत कमी कटकटीचा पर्याय आहे. वर सीट आणि 15 लिटरची फ्लशची टाकी, खाली 21 लिटरची मैल्याची टाकी, मध्ये सरकती झडप. उंची साधारण 41 सेंटीमीटर, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार नाही.

खरा प्रश्न क्षमतेचा. ही वस्तू कागद वापरणाऱ्यांसाठी बनलेली आहे, आपण धुणारे. दोघांची लघवी दिवसाला तीनेक लिटर, फ्लशचं पाणी तेवढंच, त्यात मगाने दोन लिटर ओतलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी भरत आलेली. मगाऐवजी 200 मिलीची दाबायची बाटली ठेवा, तिसरा दिवस निघतो. भरलेली टाकी वीस किलोच्या वर जाते. उचलणारा कोण, हे आधीच ठरवा!

सुरुवातीला खालच्या टाकीत दोन-तीन लिटर पाणी आणि वास रोखणारं टॉयलेटचं द्रावण, त्याच्या बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. निळं की हिरवं? निळं जंतू मारून वास थांबवतं. ते केमिकल टॉयलेटसाठी खास जागा असलेल्या युरोपातल्या कॅम्पसाइटवर ठीक. आपल्याकडे टाकी शेवटी कुणाच्या तरी सेप्टिक टँकमध्येच रिकामी होते आणि तिथलं काम जंतूंवरच चालतं, म्हणून हिरवंच घ्या. द्रावण किती दिवस पुरेल हे बाटलीवर लिहिलेलं असलं तरी एप्रिल-मेच्या उकाड्यात त्यावर विसंबू नका. वास आधी सुटतो.

रिकामी करताना कडी सोडून वरचा भाग बाजूला काढा, तोटी बाहेर वळवा, झाकण उघडा. टाकी तिरकी केल्यावरच अंगठ्याने हवेचं बटण दाबा. न दाबता ओतलं तर हवा तोटीतूनच आत शिरते, मैला गचके देत येतो आणि पायावर उडतो. मग पाच लिटर पाणी घालून हलवायचं, पुन्हा ओतायचं. जागेच्या मालकाला विचारून तिथल्या संडासात ओता, नाल्यात किंवा उघड्या गटारात अजिबात नको.

बिघडतं ते बहुतेक वेळा एकच: झडपेचं रबरी सील. कोरडं पडलं की झडप जड होते, लोक जोराने ओढतात, सील दुमडतं आणि गळती सुरू होते. आम्लमुक्त सिलिकॉन स्प्रे मारा. व्हॅसलीन आणि खोबरेल नको. ब्लीच, फिनाईल, अ‍ॅसिडवाले क्लीनर रबर खातात. बोअरच्या जड पाण्याने झडपेच्या पात्यावर पांढरा थर धरतो, तोही सील खरवडतो, म्हणून फ्लशच्या टाकीत शक्यतो मऊ पाणी भरा. वेट वाइप्स विरघळत नाहीत, ते झडपेत अडकतात.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे 1,350 मीटरवर पोचलात की बाहेरचा दाब उतरलेला असतो, टाकीतला नसतो. सीटचं झाकण बंद ठेवूनच झडप एकदा किंचित उघडून मिटा. थेट उघडलीत तर फवारा तोंडावर. गाडी चालू असताना भांड्यात पाणी ठेवू नका.

दोन माणसं, दोन-तीन मुक्काम, एवढ्यासाठी घ्यावी. चौघांचं कुटुंब असेल तर रोज ओतायची तयारी ठेवा, नाहीतर गाडीच्या बाहेरून खेचून काढता येणारी कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी असलेला कायमचा संडास बसवलेलाच बरा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तेव्हा टाकी सुकवा आणि झडप उघडी ठेवा, म्हणजे सील चिकटत नाही.