ऑर्किड: क्रमांक एक, तक्ते अनेक

संशोधकाला कायमचा ओळखक्रमांक देणारी ‘ऑर्किड’ ही सेवा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. गेली काही वर्षे मी ती नियमित वापरत आहे. संशोधकासाठी नोंदणी विनामूल्य आहे (वर्गणी भरतात त्या सदस्य संस्था) आणि हाती येतो तो चार-चारच्या गटांत मांडलेला सोळा अंकी क्रमांक. काहींच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ दिसतो. ती चूक नव्हे. शेवटचे चिन्ह आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने ठरते आणि त्यामुळे उतरवताना एखादा अंक चुकला तर तो लगेच पकडता येतो.

या क्रमांकाचे मोल कळते ते नावांच्या घोळात. लग्नानंतर बदललेले आडनाव, कुठे पूर्ण नाव तर कुठे नुसती आद्याक्षरे, यांमुळे एकाच व्यक्तीचे लेखन दोन-तीन जणांच्या नावावर विखुरते. ते सारे येथे एका नोंदीखाली येते. लेख पाठवताना क्रमांक दिला, प्रकाशकाने तो ‘क्रॉसरेफ’ या लेखांची माहिती नोंदवून ठेवणाऱ्या संस्थेला कळवला आणि आपण एकदा परवानगी दिली, की पुढचे लेख नोंदीत आपोआप उमटतात. प्रत्येक नोंदीखाली ती कोणी भरली याचा स्रोतही दिसतो, त्यामुळे स्वतःचा दावा आणि प्रकाशकाची पुष्टी यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो. मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते. डीओआय (लेखाचा स्वतःचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) नसलेले लेख मात्र बहुधा हातानेच भरावे लागतात आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हे काम अधिक येते.

माझी खरी तक्रार सेवेबद्दल नाही, तिच्या आसपासच्या व्यवस्थेबद्दल आहे. एका संस्थेने वार्षिक अहवालासाठी मला एक्सेलचा तक्ता पाठवला: लेखाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष, डीओआय, आणि शेवटच्या रकान्यात माझा ऑर्किड क्रमांक! जो क्रमांक वाचून आधीचे चारही रकाने यंत्राला भरता आले असते, तोच मी सर्वांत शेवटी टंकत होतो. फिनलंडमध्ये २०२० साली सुरू झालेली संशोधन-माहितीची राष्ट्रीय सेवा विद्यापीठांच्या नोंदी एकत्र आणते आणि संशोधकाला आपल्या परिचयात ऑर्किडवरील माहितीही ओढून घेऊ देते. अशी सामाईक यंत्रणा असेल तेथे नोंदणी जरूर करावी आणि नोंद अद्ययावत ठेवावी. नसेल तेथेही करावी, परंतु तक्ते भरण्याचा वेळ वाचेल, ही अपेक्षा तूर्त ठेवू नये.