ज्येष्ठ कलावंत मानधन योजना: पैसे बरे, कागदांची वाट खडतर

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणारी ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना ही महाराष्ट्रातल्या लोककलावंतांसाठी सरकारची सगळ्यात कामाची सेवा आहे. 1954-55 पासून ती सुरू आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी प्रतवारी होती आणि दरमहा 3,150, 2,700 किंवा 2,250 रुपये मिळायचे. गावच्या गोंधळ्याला किंवा भारूडकाराला अर्थातच शेवटची रक्कम. एप्रिल 2024 पासून सर्वांना सरसकट 5,000 झाले, हे फार चांगले झाले. मानधन घेणारा कलावंत वारला तर पती किंवा पत्नीला ते पुढे मिळते. फड सुटल्यावर हातात काहीच न उरणाऱ्या घरात याची किंमत मोठी आहे.

अटी साध्या दिसतात: वय 50 च्या वर (दिव्यांगांना 10 वर्षांची सूट), कलेत किमान 15 वर्षे, वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत आणि दुसरे नियमित पेन्शन नको. खरी अडचण '15 वर्षे' सिद्ध करताना येते. लेखकाकडे छापील पुस्तक असते. ढोलकीवाल्याकडे काय असणार? जत्रेच्या हँडबिलावर बहुतेक वेळा 'चैत्र वद्य अष्टमी' एवढेच असते, साल नसते. असे हँडबिल एकटे जोडून उपयोग नाही. त्याच यात्रा कमिटीकडून किंवा देवस्थानाकडून 'अमुक साली अमुक फडात ढोलकी वाजवली' असे लेटरहेडवर, जावक क्रमांकासह लिहून घ्यावे. वेगवेगळ्या सालांची अशी चार-पाच पत्रे सगळी वर्षे एकत्र लिहिलेल्या एका दाखल्यापेक्षा जास्त वजनदार ठरतात. वर्तमानपत्राचे कात्रण कापताना बातमीपुरते कापू नका, पेपरचे नाव आणि तारीख राहू द्या. आकाशवाणीचे करारपत्र असेल तर ते सगळ्यात वर लावा.

दुसरी ठेच नावाची. फडात 'किसनबुवा', आधारवर 'कृष्णा', बँकेत तिसरेच. ही सगळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा आणि मुदतीतला हवा. खाते आधारशी जोडलेले आणि चालू हवे. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते बँक निष्क्रिय करते आणि मंजूर पैसेही अडकतात. ढोलकी वाजवून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आधार पडताळणीच्या मशीनवर ठसा उमटत नाही. तिथे हट्टाने डोळ्यांची किंवा चेहऱ्याची पडताळणी मागावी.

अर्ज भरण्याआधी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात कागदांची यादी तपासून घ्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. मंजुरीनंतरही हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. तो चुकला की मानधन थांबते, आणि म्हाताऱ्या माणसाला कारण कळायलाच दोन-तीन महिने जातात. घरातल्या एका तरुणाने ही तारीख लक्षात ठेवावी.

तक्रार दोन गोष्टींबद्दल. जिल्ह्यामागे वर्षाला 100 जणांची निवड, मग जिल्हा कुठलाही असो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये करणारे गावोगाव आहेत, पुणे जिल्ह्यात नारायणगावला फडांनी थाटलेल्या राहुट्यांमधून (तंबूंमधून) अख्ख्या राज्याचे तमाशे ठरतात. तिथे आणि जिथे कलावंत मोजके आहेत तिथे आकडा सारखाच. तो कलावंतांच्या संख्येवर ठरायला हवा. दुसरी, पुराव्याचा सगळा भार अर्जदारावर आहे. निवड समितीने लिहिता न येणाऱ्या शाहिराला समोर बसवून दहा मिनिटे पोवाडा म्हणायला सांगितले, तर 15 वर्षांची तालीम पहिल्या कडव्यातच ऐकू येईल.